निळोबाला काय झालं?

आमच्या घरी तीन फायटर होते. पुस्तकात त्यांना बेट्टा म्हणतात, दुकानदार फायटरच म्हणतो आणि ते नाव खोटं नाही. दोन नर एका भांड्यात सोडले तर एकमेकांचे पंख फाडतात. म्हणून तिघांचे तीन वेगळे संसार. निळोबा दिवाणखान्यात टीव्हीशेजारच्या फळीवर, लाल्या मुलीच्या खोलीत आणि पांढऱ्या स्वयंपाकघरात, माठाच्या बाजूला. दिवाळीच्या सुट्टीत मुलीनं ते नागपूरहून आणले. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. त्यामुळे घरात कोणी शिंकलं तरी ती आधी जंतूचं आडनाव विचारते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात निळोबानं खाणं सोडलं. अंग एका बाजूला कलतं ठेवून तो पृष्ठभागाशी तोंड लावून पडून राही. मध्येच अंगात वारं शिरल्यासारखा सुसाट सुटे, काचेला धडके आणि पुन्हा गप्प. दोन दिवसांनी लाल्याचंही बिनसलं, पण वेगळ्या तऱ्हेनं. त्याचे पंख मिटलेल्या छत्रीसारखे अंगाला चिकटले आणि तळाच्या दगडावर तो अंग घासू लागला. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "दीडशे रुपयांचा मासा, दुसरा आणा." मुलगी त्यांच्याशी अजून नीट बोलत नाही.

त्या रविवारी माझे मेहुणे आले. ते पशुसंवर्धन खात्यातले निवृत्त डॉक्टर. नोकरीतली बरीच वर्षं आर्वी-कारंजा भागात गवळाऊ जनावरांमागे फिरण्यात गेली. हेटीकुंडीच्या सरकारी फार्मवरची गोष्ट निघाली की त्यांचा चहा हमखास निवतो. माशाशी त्यांचा संबंध ताटापुरता. तरी चहात गोरसपाक बुडवता बुडवता त्यांची नजर निळोबावर गेली आणि त्यांनी तो गोरसपाक तसाच बशीत ठेवला.

"याले काय झालं?"

"व्हेल्वेट," मुलगी म्हणाली. "लाल्यालाही तेच. मामा, तुम्ही यायच्या आधीच मी औषध मागवलंय."

"मी काय झालं विचारलं. तू नाव सांगितलं."

मराठीत ही मोठी पंचाईत आहे. 'काय झालं' म्हणजे कोणता रोग झाला आणि काय घडलं, दोन्ही. एकाच प्रश्नाची ही दोन टोकं धरून मामा-भाची पुढचे सहा दिवस ओढाताण करत होती, आणि मी मध्ये बसून दोन्हीकडून हो म्हणत होतो.

"नाव कळल्याशिवाय उपचार कसा करणार?" मुलगी म्हणाली. "काल रात्री मी खोलीत अंधार केला आणि लाल्यावर तिरपा टॉर्च मारला. मानेमागे सोनेरी भुकटी शिंपडल्यासारखी दिसली. तो परजीवी आहे, पिसिनूडिनियम. एकच पेशी, पण तिच्यात हरितद्रव्य असतं, त्यामुळे उजेडावरही थोडंफार भागवते. म्हणून भांडं झाकून अंधार करायचा. आणि अंगाला चिकटलेला असताना त्याच्यावर औषध फारसं चालत नाही. तो गळून पडतो, तळाशी त्याची विभागणी होते, नवी पिल्लं पोहत नवा मासा शोधायला निघतात, तेव्हा ती मरतात. म्हणजे प्रत्येक वाया गेलेला दिवस त्याच्या फायद्याचा. आपण इतिहास विचारत बसलो तर मासा इतिहासजमा होईल."

वाक्य जमलं होतं. मेहुण्यांनाही ते आवडलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

"आणि औषध देल्यावर लक्षणं बदलली, मग मी कोणाले विचारू? ढोराले बोलता येत नाही, माशाले तर हंबरताही येत नाही. मले नोकरीत पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या ड्रेसरनं शिकवलं. गाय बिमार पडली तर मालकाले विचारू नको. मालक म्हणते, दोन किलो सरकी ढेप देतो साहेब. त्याच्या मनातली ढेप असते ते. वैरण कोण टाकते, धार कोण काढते, त्या माणसाले विचार. बहुतेक वेळा ते घरची बाई असते, अन् ते दाराआड उभी असते."

मग त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात तीन चौकोन काढले आणि भाचीची उलटतपासणी सुरू केली. खायला काय? कोरडे दाणे, सकाळी चार, संध्याकाळी चार. पाणी? दर रविवारी एक तृतीयांश बदलते. कुठलं पाणी? नळाचं, एका बादलीत भरून, लिटरला दोन थेंब क्लोरीन मारायचं औषध टाकून. तिघांना एकच बादली? एकच. जाळी? तीही एकच, हे सांगताना तिचा आवाज जरा खाली आला.

"आता सांग, या महिन्यात घरात काय बदललं?"

उत्तर मी दिलं, कारण त्याचं उत्तर वर्ध्यात कोणीही देईल. सगळंच बदललं. जूनच्या शेवटी पाऊस आला. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना खोलीतल्या कूलरच्या जोरावर भांड्यातलं पाणी तेहेतिसाच्या आसपास होतं, ते सत्तावीसवर आलं. कूलर निघून माळ्यावर गेला. धाम नदीला लाल पूर आला, पवनारला पाणी गढूळ झालं आणि नळाला ब्लीचिंगचा वास सुटला. डास झाले, म्हणून भिंतीवरच्या प्लगमध्ये डास मारायचं यंत्र आलं. एखाद्या खुनाच्या गोष्टीत लेखक संशयितांना एकेक करून आणतो. आमच्या पावसानं सगळे एकाच गाडीतून उतरवले.

मेहुणे एकेकाला सोडत गेले. तापमान? फायटर मुळात थायलंडचा. तिकडे भाताच्या बांध्यांत, भंडारा-गोंदियाला दिसतात तशाच उथळ पाण्यात राहतो. सत्तावीस त्याला मानवतात. तेहेतीस जास्त झाले होते, म्हणजे पावसानं त्याचं बरंच केलं. अमोनिया? हा पहिल्या नंबरचा संशयित, कारण भांडी लहान आणि फिल्टर नाही. मुलीनं तपासणीचा संच आणला. आमच्याकडचं पाणी क्षारांचं, सामू आठाच्या जवळ. सामू सातावरून आठावर गेला की अमोनियाचा विषारी वाटा जवळपास दहापट होतो, हे तिनंच सांगितलं. पण नळीतला रंग पिवळाच राहिला. अमोनिया नव्हता.

"क्लोरीन," ती म्हणाली. "वास तर येतोच आहे."

"तिघांची बादली एक. पांढऱ्या कसा आहे?"

आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दारात गेलो. पांढऱ्यानं आम्हाला पाहून कल्ले फुलवले आणि लढायला काचेवर आला. टवटवीत होता.

"क्लोरीन सुटला," मेहुणे म्हणाले आणि समासात काट मारली. ही काट कशी ठाम होती, ते मी मुद्दाम लिहून ठेवतो.

मग ते दिवाणखान्यात येऊन निळोबासमोर उभे राहिले आणि वाकून फळीच्या खाली पाहिलं. डासांचं यंत्र बरोब्बर तिथे होतं. वितभर खाली.

"आमच्या गावाकडे कपाशीवर फवारणी झाली की एखादा शहाणा पंप नाल्यात धुते. दुसऱ्या दिवशी नाल्यात मासे पांढरं पोट वर करून तरंगतात. बोंडअळीवर मारायच्या औषधाची अन् या बाटलीतल्या औषधाची भाऊबंदकी आहे. पायरेथ्रॉइड. माणसाचं, ढोराचं शरीर ते लवकर मोडून टाकते, माशाले ते जमत नाही. अन् ते धरते मज्जातंतूले. मासा कलते, झटके देते, वेड्यासारखा पळते. तुझा निळोबा काय करून राहिला?"

मुलगी गप्प झाली. तिला बाकीचं माहीत होतं आणि ते जुळतही होतं. फायटरला कल्ल्यांशिवाय डोक्यात एक चक्रव्यूहासारखा अवयव असतो, त्यानं तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. कमी प्राणवायूच्या पाण्यात त्याला वाचवणारी ही सोय इथे उलटली असणार. यंत्राची वाफ ज्या थरावर येऊन बसते, त्याच थराला तो दिवसभर तोंड लावतो. बाजारातल्या कीटकनाशकांच्या कितीतरी डब्यांवर माशांची टाकी झाकायची सूचना असते. ती वाचायला लागतो चष्मा, आणि डास चावत असताना चष्मा कोण शोधतो?

"पण माझ्या खोलीत यंत्र नाहीये," ती एकदम म्हणाली. "तिथे मी मच्छरदाणी लावते. मग लाल्याला काय झालं?"

मेहुण्यांनी गोरसपाक उचलला. तो केव्हाच मऊ पडला होता.

खरं सांगायचं तर इथवर मला ते जिंकले असं वाटलं होतं. पण गुराढोरांच्या डॉक्टरची सवय अशी की एकाच दिवशी गोठ्यातली दोन जनावरं आडवी झाली तर तो एकच कारण शोधतो, तेच चारा-पाणी, तेच विष. मुलीलाही एकच कारण हवं होतं, फक्त तिचं कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं होतं. दोन माशांना दोन वेगळ्या गोष्टी झाल्या असतील, हे दोघांनाही अपमानास्पद वाटत होतं. रात्री तिनं दिवे घालवले आणि टॉर्च मारला. मेहुण्यांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं. "याचे खवलेच चमकतात," असं दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

चुकीच्या ओळखीची या माशाच्या घराण्याला सवय आहे. डॅनिश डॉक्टर थिओडोर कँटोर यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या माशाचं वर्णन लिहिलं, ते दुसऱ्याच जातीच्या नावानं. चूक निस्तरायला 1910 साल उजाडलं. चार्ल्स टेट रीगननं त्याला 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हे नाव दिलं. साठ वर्षं मासा तोच होता, पाटी चुकीची होती. थायलंडनं 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर केलं, तेव्हा तरी पाटी बरोबर लागली असेल.

खरं भांडण झालं ते उपचारावरून. दुकानदारानं मुलीला निळं औषध, पिवळी भुकटी आणि कसल्याशा प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या पुडीवर नावही नव्हतं.

"हे गटारात जाईल ना शेवटी," मेहुणे गोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाले. "परजीवीले प्रतिजैविक देऊन काय होते? जंतू तेवढे हुशार होतात."

गोळ्या कचऱ्यात गेल्या, त्याबद्दल वाद नव्हता. वाद पुढे होता.

"आज फक्त यंत्र काढ," ते म्हणाले. "दुसरं काही करू नको. दोन दिवस पाह्य. निळोबा सुधारला तर कारण सापडलं. मग लाल्याकडे."

"आणि दोन दिवसांत मेला तर?"

"तर तेही कळलं."

"मामा, हा प्रयोग नाहीये. हा निळोबा आहे."

मेहुणे बराच वेळ काही बोलले नाहीत. चाळीस वर्षांत किती गोठ्यांत त्यांना हे वाक्य कोणी ऐकवलं असेल, कोण जाणे. शेतकऱ्याला एकच बैल असतो, त्याला कारण नको असतं, बैल हवा असतो. शेवटी त्यांनी मान हलवली. त्या रात्री यंत्र निघालं, दोन दिवस उघडं ठेवलेलं पाणी घालून निळोबाचं आणि लाल्याचं अर्धं पाणी बदललं, लिटरला ग्रॅमभर साधं मीठ पडलं आणि लाल्याच्या भांड्यावर काळा टॉवेल आला. सगळं एकदम. "आता मासा वाचला तरी काहून वाचला ते आपल्याले कधीच कळणार नाही," निघताना दारात चप्पल घालत ते म्हणाले. "मला चालेल," मुलगी म्हणाली.

बुधवारी निळोबा सरळ झाला. पहिला दाणा त्यानं तोंडात घेऊन थुंकला, दुसरा गिळला.

गुरुवारी रात्री लाल्या गेला.

मुलगी रडली, पण रडत असतानाच तिनं मामाला फोन लावला, त्यावरून ती कोणाची भाची आहे हे कळावं. "फ्रीझरमध्ये टाकू नको," पलीकडून आवाज आला. "गोठवलं की पेशी फुटतात, काही दिसणार नाही. बर्फावर ठेव. मासा लवकर सडते. अन् हातमोजे घाल." हातमोज्यांचं कारणही त्यांनी सांगितलं. माशांना क्षयाच्या जंतूच्या भावकीतला एक जंतू होतो, मायकोबॅक्टेरियम मरिनम. हाताला जखम असेल तर तो माणसाच्या कातडीत शिरून महिनोन्महिने न भरणारी गाठ करतो. माशांची टाकी नुसत्या हातानं घासणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

फ्रिजच्या बाबतीत बायकोनं एकाच शब्दात निकाल दिला. तेव्हा मेहुणे रात्री साडेदहाला स्कूटरवरून लसीचा डबा घेऊन आले. लाळ्या-खुरकूतची लस खेडोपाडी नेण्यासाठी असतो तो, निळ्या झाकणाचा. लाल्या प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फाच्या मधोमध. सकाळी मुलगी तो डबा मांडीवर घेऊन ऑटोनं कॉलेजला गेली.

दुपारी फोन आला. कल्ल्याचा तुकडा काचपट्टीवर ठेवल्यावर तिला तपकिरी-सोनेरी, पेअरच्या आकाराच्या पेशी दिसल्या. चिकटलेल्या, न हलणाऱ्या. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी असता तर तो मोठा दिसला असता, गोल फिरत राहिला असता आणि त्याच्या पोटात घोड्याच्या नालासारखं केंद्रक असतं. हे ते नव्हतं. व्हेल्वेटच.

संध्याकाळी मेहुणे आले तेव्हा ती काही बोलली नाही, मोबाइलवरचा फोटो पुढे केला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, लहान केला.

"पास," ते म्हणाले. "पूर्ण मार्क. आता पुढचं सांग. हे परजीवी लाल्याच्या अंगावर केव्हा आलं?"

"दुकानातूनच आलं असणार. नंतर नवीन मासा, नवीन वनस्पती, काहीच आणलं नाही घरात."

"म्हणजे दिवाळीपासून आठ महिने ते गुपचूप बसून होतं. जुलैतच काहून उठलं?"

हे तिला माहीत होतं, फक्त पुस्तकातलं म्हणून माहीत होतं. स्निएश्को नावाच्या शास्त्रज्ञानं 1974 मध्ये माशांच्या रोगांबद्दल तीन वर्तुळांची आकृती मांडली. एक मासा, एक जंतू, एक परिसर. तिन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथे रोग. तिनं ती आकृती मामांच्या तीन चौकोनांशेजारी काढली. "कशानं तरी लाल्याचा जोर कमी झाला. कल्ले आधीच सोलवटले असतील. क्लोरीननं तसंच होतं, मामा. मी लिटरला दोन थेंब टाकत होते, उन्हाळ्यात टाकायचे तेवढेच. पावसाळ्यात ब्लीचिंग वाढलं, माझे थेंब वाढले नाहीत. निळोबालाही तेच झालं असेल. यंत्र काढलं त्याच रात्री आपण पाणीही बदललं होतं."

"क्लोरीन आपण सोडला. पांढऱ्याले काही झालं नाही. बादली एक, पाणी एक."

"हो," ती म्हणाली आणि पेन खाली ठेवलं. त्याला उत्तर नव्हतं.

आम्ही स्वयंपाकघरातच बसलो होतो. बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"पांढऱ्याला मी तुमच्या बादलीतलं घालत नाही," ती म्हणाली.

कोणी काही बोललं नाही.

"पाऊस लागल्यापासून त्या बादलीला घाण वास येतो. माणसाला पिववत नाही, त्याला काय घालायचं? रविवारी पोरगी या दोघांचं पाणी बदलते आणि पांढऱ्यासाठी तांब्या भरून ओट्यावर ठेवून जाते. मी तो झाडाला ओतते आणि माठातलं घालते. दोन दिवसांचं निवलेलं असतं." मग जरा थांबून, "त्याला ते आवडते."

मुलीनं मामाकडे पाहिलं. मेहुणे समासातल्या त्या काटेकडे पाहत होते. म्हाताऱ्या ड्रेसरची गोष्ट त्यांनी याच घरात, याच बाईच्या हातचा चहा पीत सांगितली होती, आणि ती तेव्हाही दारातच उभी होती. भांड्यात पांढऱ्या एकदा वर आला, हवेचा घोट घेऊन खाली गेला.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी उलटी केली, कोरा समास शोधला आणि खिशातून पेन काढलं.

"बाई," ते बहिणीला म्हणाले, "पोळी तव्यावरून उतरव अन् इथं बस. आता पहिल्यापासून सांग. माठ कोणत्या दिवशी भरते?"